विश्वस्त बदलले, पण कागदावर जुनेच!

प्रश्न : वैजापूर तालुक्यातील आमच्या शैक्षणिक संस्थेचे दोन विश्वस्त वारले. नवे निवडले, पण धर्मादाय कार्यालयाला कळवले नाही. देणगीच्या पावत्या मात्र चालू आहेत. काही अडचण येईल का?

उत्तर : येईल, आणि बहुधा बँकेत खात्याच्या सह्या बदलताना. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. मुदत टळली असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या धर्मादाय कार्यालयात बदल अर्जासोबत विलंब माफीचा अर्ज द्या. मृत्यूचे दाखले, सभेची नोटीस, ठराव आणि नव्या विश्वस्तांची संमतिपत्रे जोडा. इतिवृत्त मागाहून रचू नका. हरकत आली की नेमके तेच उघडे पडते. जमीन विकायचा विचार असेल तर कलम ३६ ची पूर्वपरवानगी हवीच.

आता पावत्यांचे. धर्मादाय नोंदणी वेगळी, प्राप्तिकराची वेगळी. पहिली आहे म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. देणगीवर करसवलत देणारी प्राप्तिकराची ‘८०जी’ मंजुरी नसताना पावतीवर ती सवलत छापणे ही दात्याची फसवणूकच. २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी मिळालेल्या बहुतेक प्राप्तिकर नोंदण्यांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतच होती. तुमच्या आदेशावरची तारीख पाहा. शिवाय २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ही सवलत नाही.

नव्या पावत्या छापण्याआधी ‘८०जी’चा आदेश लेखापरीक्षकाला दाखवा.