पोकळ, कललेलं झाड उतरवण्याआधी

माघ सरत आला की कोकणात आगोटीच्या लाकूडफाट्याची कुजबुज सुरू होते, आणि नजर जाते ती बांधावरच्या कललेल्या रायवळ आंब्याकडे. भिरडाने पोखरलेला, पाणी मुरून ढोली पडलेला. पावसात पडणारच आहे, मग आत्ताच उतरवू, असा हिशेब. पण पोकळ झाड दिसतं तेवढं सरपण देत नाही, आणि ते उतरवणं धडधाकट झाडापेक्षा कितीतरी अवघड.

आधी कुऱ्हाडीच्या पाठीने खोड बुंध्यापासून डोक्याच्या उंचीपर्यंत चहूबाजूंनी ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ ढबढबतं. आवाज बदलेल तिथे खडूने खूण करा. शंका असेल तिथे गिरमिटाने भोक पाडून निकोप लाकूड किती उरलंय ते मोजा. 60 सेंटिमीटर जाडीच्या खोडाला बाहेरचं कवच 10 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा खोडाला उभी चीर असेल, तर ते घरच्या माणसांनी हात घालण्याचं काम नव्हे. घर, रस्ता किंवा विजेची तार पडण्याच्या टप्प्यात असेल तरीही नव्हे. तारेसाठी आधी महावितरणला कळवून प्रवाह बंद करून घ्या.

झाड पडताना त्याला वळण देते ती खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता राखलेली लाकडाची पट्टी. दाराला बिजागरी तशी ही झाडाला. पोकळ खोडात ती मधोमध उरतच नाही, त्यामुळे झाड ऐनवेळी पिळवटून भलतीकडे जातं. कललेल्या झाडाची दुसरी खोड याहून वाईट. त्याच्या पाठीकडचं लाकूड धनुष्यासारखं ताणलेलं असतं. मागून करवत अर्ध्यावर गेली की खोड उभं फाटतं आणि फाटलेला भाग उसळून तोडणाऱ्याच्या तोंडावर येतो. म्हणून कापाच्या वर लोखंडी साखळीचे दोन-तीन वेढे घट्ट आवळा. खाच कललेल्या बाजूलाच घ्या, आणि ती खोडाच्या पाव जाडीपेक्षा खोल नको. मागचा काप खाचेपेक्षा थोडा वर. मशीनवाले जाणकार पातं मधून घुसवून मागची पट्टी शेवटी सोडतात. पद्धत चांगली, पण पहिल्यांदा करून बघायला हे झाड नाही.

कल मोडून दुसरीकडे ओढायचा हट्ट धरू नका. ट्रॅक्टरच्या हिसक्याने पोकळ झाड मधेच मोडतं. आधी फांद्या उतरवू म्हणून वर माणूस चढवणं तर त्याहून घातक, मग तो कितीही सराईत असो. तोडणाऱ्याची पळवाट पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरकी, आधीच साफ करून ठेवा. बाकी सगळे झाडाच्या दुप्पट उंचीइतके लांब. काम सकाळी आटपा; दुपारनंतर खारं वारं सुटतं.

ढोलीत मोहोळ किंवा साप असेल म्हणून आत जाळ घालण्याची खोड अजून गेलेली नाही. पोकळ खोडाचं धुराडं होतं आणि ठिणग्या वाळल्या गवतात उडतात. आणखी एक पाहा: या दिवसांत धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन अंड्यांवर बसते. नर फळं घेऊन ये-जा करताना दिसला, तर ते झाड यंदा राहू द्या.

महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ आहेत. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी परवानगी लागते, म्हणून वनविभागाकडे अर्ज याच आठवड्यात द्या. मार्चमध्ये उतरवून, चिरून, जमिनीपासून वीतभर उंच रचलेलं लाकूड मिरगापर्यंत चुलीत पेटण्याजोगं होतं. मेअखेरीस तोडलेलं धुमसतच राहतं.