सर्पगंधा, डोपामिन आणि उन्माद

धडगाव परिसरातील एका तरुणास त्याचे वडील आमच्याकडे घेऊन आले. कानी आवाज येतात, शेजारी अन्नात विष कालवतात, असे तो सांगे. शासकीय रुग्णालयातील गोळ्यांनी उतार पडला होता. पण कुणाच्या सांगण्यावरून त्या थांबवून सर्पगंधा घनवटी सुरू केली आणि लक्षणे पुन्हा उसळली.

चरकाचार्यांनी मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा व आचार या आठांच्या विभ्रमास उन्माद म्हटले आहे. स्किझोफ्रेनियाची अनेक लक्षणे त्यात दिसतात. तथापि दोन्ही एकच नव्हेत.

या व्याधीच्या मेंदू-रसायनशास्त्रात आपल्या सर्पगंधेचा मोठा वाटा आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्ये उन्माद व रक्तदाबावरील तिचे कार्य नोंदविले, मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकिलांनी 1949 मध्ये रक्तदाबावरील अनुभव प्रसिद्ध केला. 1952 मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले. स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये रिसर्पिनने निश्चेष्ट झालेले ससे एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. त्यातून डोपामिनचे महत्त्व उमगले. 2000 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

भास व संशय यांच्या काळात मेंदूच्या स्ट्रायटम भागात डोपामिनची निर्मिती व स्राव वाढलेला आढळतो. प्रचलित औषधे बहुतांशी डोपामिनचे डी-2 ग्राहक अडवितात. रिसर्पिन मात्र चेतातंतूंतील साठाच रिता करते, आणि तोही केवळ डोपामिनचा नव्हे, तर सेरोटोनिन व नॉरअॅड्रेनॅलिनचाही. म्हणून विषाद, कंप, रक्तदाब घटणे हे धोके संभवतात. शिवाय डोपामिन हे एकमेव कारण नव्हे. ग्लुटामेट, आनुवंशिकता व गांजासेवन यांचाही संबंध आहे.

यातून आपणा सर्वांसाठी बोध असा :

1. चालू मानसोपचार आपल्या शब्दावर बंद करू नयेत.
2. त्यांच्या जोडीस सर्पगंधा देऊ नये. औषधविक्रेत्यांनी घनवटी देण्यापूर्वी इतर गोळ्यांची चौकशी करावी.
3. संशयित रुग्णास विलंब न करता मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. 'टेलि-मानस'चा 14416 हा क्रमांक दर्शनी लावावा.
4. निद्रा, आहार, व्यसनमुक्ती व कुटुंबास धीर देणे, हे कार्य आपले आहे.

आम्ही त्या तरुणाची घनवटी थांबविली व त्याच दिवशी चिठ्ठी देऊन त्यास जिल्हा रुग्णालयात पाठविले. पुढे पेरणीच्या दिवसांत वडील एकटेच भेटीस आले. मुलगा शेतात होता. गोळ्या कधी थांबवायच्या, असे त्यांनी विचारले. तो निर्णय मानसोपचारतज्ज्ञांचा, असेच आम्ही सांगितले.