वरून कोरडी चाळ

नांदगाव,
11 जून

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली स्वभावाची चाचणी मीही सोडवून पाहिली. सोळा खणांपैकी माझा खण तुझाच निघाला: संवेदनशील, आदर्शवादी. तुझी मामी म्हणाली, एवढ्यासाठी चाचणी कशाला, मला विचारायचं. जरा वाचलं तेव्हा कळलं, की कार्ल युंगच्या 1921 सालच्या ग्रंथावरून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी ती बेतली, आणि मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नव्हतं. तेव्हा पत्रिकेवर ठेवतेस तेवढाच विश्वास तिच्यावर ठेव. पण खाली तू एक ओळ लिहिली होतीस: ‘मामा, मी दिसते तेवढी चांगली नाहीये, हे एक दिवस सगळ्यांना कळेल.’ पुढे हसरं तोंड काढलं होतंस. मला हसू आलं नाही.

शाळेतल्या नोकरीला सात-आठ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या घरच्या मुलाचे गुण वाढवा, असा मला निरोप आला. मी नाही म्हटलं नाही. तीन दिवस आजारपणाची रजा टाकली. गुण वाढलेच, सही दुसऱ्याची झाली. आपला हात स्वच्छ राहिला, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो; आणि वर्गात साने गुरुजी शिकवत होतो! लोक म्हणायचे, सर फार मऊ, त्यांना भांडण सोसत नाही. भांडणाची भीती नव्हतीच गं. नाही म्हटलं तर समोरचा मला वाईट म्हणणार, हो म्हटलं तर मीच मला वाईट म्हणणार. दोन्हीतून सुटायला मी ताप काढला. आपला हळवेपणा पुष्कळदा दुसऱ्याला नाही, आपल्याच मूर्तीला जपत असतो. हे तुला टोचेल. टोचू दे.

गुरुजींना मात्र आपण उगाच रडवे ठरवून ठेवलंय. अमळनेरच्या शाळेतली नोकरी त्यांनी 1930 मध्ये सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. ‘श्यामची आई’ लिहिली 1933 च्या फेब्रुवारीत, आपल्याच नाशिकच्या तुरुंगात, अवघ्या काही दिवसांत. तुझी बालकथांची वही चौथ्या वर्षात आहे, म्हणून सांगतो. त्या पुस्तकात पोहण्याच्या भीतीने माळ्यावर लपलेला श्याम आहे ना, त्याला आई शिंपटी घेऊन बाहेर काढते. पुढे 1947 साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून 1 मे रोजी तोच माणूस प्राणांतिक उपोषणाला बसला. आधी गावोगाव फिरून लोकांशी बोलला, मग बसला. दहा तारखेला उपोषण सुटलं तेव्हा मंदिराचा प्रश्न मार्गी लागला होता. दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणून ते थांबले असते, तर?

आणि तरीही, 1950 च्या आजच्याच तारखेला त्यांनी आपणहून जगाचा निरोप घेतला. वय पन्नास. का, यावर आजवर पुष्कळांनी लिहिलंय. मला त्यात भर घालायची नाही. मी फक्त एवढंच पाहतो, की आयुष्याच्या शेवटच्या काळात ते पुतणीला, सुधाला, पत्रं लिहीत होते आणि त्या पत्रांत पाऊस, फुलं, पाखरं भरलेली आहेत. सगळ्या महाराष्ट्राने ज्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं, त्या माणसाने आपलं डोकं कुठे टेकवायचं, हे त्याला कोणी विचारलं असेल का? विचारलं असेलही. आपल्यासारखी माणसं ‘मी बरा आहे’ इतक्या गोड आवाजात सांगतात की विचारणारा परत जातो.

आपल्याकडे आता चाळी कांद्याने भरल्यात. वरून कोरडा, खणखणीत माल दिसतो. तुझ्या आजोबांचा त्यावर विश्वास नसायचा. ते कोपरापर्यंत हात आत घालून ऊब लागते का पाहायचे. ऊब लागली की चाळ फोडायची, सडका वेचून बाहेर टाकायचा, पुन्हा भरायची. कांदा वाईट निघाला म्हणून कोणी शेतकऱ्याला वाईट म्हणत नव्हतं.

तुझ्या आईकडून कळलं, तू मुलांच्या संस्थेत तिघींचं काम एकटी ओढतेस आणि डबा तसाच परत आणतेस. मुलांसाठी करतेस हे खरं. पण ‘जमणार नाही’ म्हटलं तर आपली किंमत उतरेल, हेही त्यात आहे, की नाही? सोमवारी जा आणि सांग, मला एवढंच जमेल. आवाज कापेल. कापऱ्या आवाजात सांगितलेलं ‘नाही’ही ‘नाही’च असतं. कोणी नाराज झालं तर दोन दिवस नाराज राहू दे, लगेच फोन करून समजूत काढायला धावू नकोस. ती आपली जुनी खोड. आणि कथांची वही जशी आहे तशी पाठव. चुका मी लाल पेनाने काढीन, तेवढा मास्तर अजून शिल्लक आहे.

रात्री मन फारच खाली गेलं तर सकाळची वाट पाहू नकोस, मला उठव. मामाशी बोलवत नसेल तर सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे, 14416. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो कागदावर लिहून आरशाला चिकटव. आपण दुसऱ्यांना नंबर वाटतो, स्वतः लावत नाही.

येत्या शनिवारी सुट्टी काढ. पुण्याहून मनमाडपर्यंत ये, तिथून पुढे पंचवीसेक किलोमीटर. मी गाडी घेऊन स्टेशनवर उभा असेन. येताना बरी आहेस असं दाखवायची तयारी करून येऊ नकोस.

तुझा,
मामा