रस्त्यावरचे कलादालन

'कला' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे जहांगीर कलादालन किंवा वस्तुसंग्रहालय उभे राहते. परंतु जी पाहण्यासाठी कोणत्याही दारातून आत जावे लागत नाही, अशी कितीतरी कला मुंबईच्या रस्त्यांवर उघड्यावर उभी आहे. ती पाहणे हाही एक अभ्यासच आहे.

उदाहरणादाखल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते महात्मा जोतिबा फुले मंडई हा पायी दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता घेऊ. स्थानकाची इमारत १८७८ मध्ये सुरू झाली आणि पूर्ण व्हायला दहा वर्षे लागली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा. पण तिच्या भिंतींवरची पाने, पक्षी आणि प्राणी यांच्या कोरीवकामात मुंबईच्या कलाशाळेतील, म्हणजे आजच्या जे. जे. मधील, विद्यार्थ्यांचा हात होता. २००४ मध्ये ही वास्तू जागतिक वारसा ठरली. स्टीव्हन्स यांचे नाव ग्रंथांत आहे. त्या विद्यार्थ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

पुढे जे. जे. कलाशाळा लागते. तिची स्थापना १८५७ ची. तेथे शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांनी, १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या समोरच्या मंडईच्या प्रवेशद्वारावर शेतकऱ्यांचे जीवन दगडात कोरले. 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या जोतिबांचे नाव पुढे याच मंडईला मिळावे, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

माझे वडील या मंडईत पाटीवाले आहेत. वीस वर्षे ते त्या शिल्पाखालून ये-जा करतात. मी त्यांना ते दाखवले तेव्हा ते म्हणाले, "डोक्यावर पाटी असली की मान वर होत न्हाई, पोरा." मग चुंबळ काढून त्यांनी निरखून पाहिले आणि म्हणाले, "ही तर आपल्या गावाकडचीच माणसं की रं!"

या एका वाक्याने मला सौंदर्यशास्त्राचा मोठा धडा दिला. सौंदर्य पाहायला केवळ रसिकता पुरत नाही, सवडही लागते. अन् ज्यांच्या श्रमावर शहर उभे आहे, त्यांनाच ती मिळत नाही. तरीही त्यांच्या हातून सौंदर्य घडतच असते. फळवाल्याने रचलेली संत्र्यांची उतरंड, फुलवालीच्या हातची वेणी, वडिलांनी जुन्या धोतराला पीळ देऊन वळलेली चुंबळ यांत प्रमाण आहे, लय आहे.

विद्यार्थिमित्रांनो, रोजच्या वाटेवर एखाद्या इमारतीपुढे पाच मिनिटे थांबा. आधी वर पाहा, मग खाली पाहा, आणि हे कोणाच्या हातांनी घडवले असेल, असे स्वतःला विचारा. आमच्या घरात मान वर करून चालण्याची सवड शिक्षणामुळे प्रथम मला मिळाली आहे. ती सवड मोबाईलकडे पाहत मान खाली घालून घालवणे मला तरी परवडणारे नाही.