जुन्या बोलपटांतली माणसं खिळल्यासारखी का उभी असतात?

प्रश्न : 'अयोध्येचा राजा' नुकताच पाहिला. पात्रं एका जागी उभी राहून संवाद म्हणतात, गाणं सुरू झालं की हलायचं नावच घेत नाहीत. त्या काळातले काही अमेरिकन बोलपटही असेच वाटले. नटांना नाटकाची सवय होती म्हणून असं होतं का?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : नाटकाच्या सवयीचा त्यात थोडा वाटा आहे, पण खरं कारण मायक्रोफोन. तेव्हाचा मायक्रोफोन जड होता, त्याचा आवाका तोकडा होता आणि हव्या त्या आवाजाबरोबर आजूबाजूचा खडखडाटही तो टिपायचा. नट दोन पावलं बाजूला सरकला की त्याचं वाक्य विरून जायचं. म्हणून मायक्रोफोन फुलदाणीत, झुडपात, पडद्यामागे कुठेतरी लपवायचा आणि नटांनी त्याच्याभोवतीच राहायचं, असा रिवाज पडला.

सुरुवात अमेरिकेत झाली. वॉर्नर ब्रदर्सचा 'द जॅझ सिंगर' 6 ऑक्टोबर 1927 रोजी न्यूयॉर्कला लागला. पुढच्या दोन-तीन वर्षांत हॉलिवूडने मूकपट जवळजवळ बंदच केले आणि तिथल्या सगळ्या स्टुडिओंपुढे एकच अडचण उभी राहिली : कॅमेराच गोंगाट करायचा. त्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांनाही काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात बसवत. आत उकाड्याने जीव नकोसा व्हायचा आणि खोकं हलवणं सोपं नव्हतं. दिव्यांचाही त्रास होता. मूकपटांच्या काळातले कार्बन आर्कचे दिवे गुणगुणायचे. त्यांच्या जागी तारेचे बल्ब आणावे लागले. मूकपटाच्या शेवटच्या वर्षांत कॅमेरा मोकळा फिरत होता, झोके घेत होता. ध्वनी आला आणि तो एकदम जागेवर बसला.

आता आपल्याकडे या. अर्देशीर इराणी यांनी 'शो बोट' हा अमेरिकन बोलपट पाहिला आणि हिंदुस्थानातला पहिला बोलपट आपणच करायचा असं ठरवलं. टॅनार नावाची ध्वनिमुद्रण यंत्रणा मागवली. ती लावून द्यायला विल्फर्ड डेमिंग हा अमेरिकन तंत्रज्ञ आला होता. त्याच्याकडून जमेल तेवढं शिकून घेऊन मुद्रणाचं काम इराणींनी स्वतःकडे घेतलं. स्टुडिओ होता मुंबईत, रेल्वेच्या रुळांजवळ. आवाज अडवणाऱ्या भिंती नव्हत्या. डोंबिवलीत रुळांलगत राहणाऱ्या कुणालाही हे संकट समजावून सांगायला नको. गाड्या बंद झाल्यावर, रात्री उशिरा चित्रीकरण सुरू व्हायचं आणि पहाटेची पहिली गाडी सुटण्याआधी आटपायचं. असा 'आलम आरा' तयार झाला आणि 14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला.

या यंत्रणेत चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उतरायचे. गोची अशी, की एखाद्या चित्राचा आवाज फिल्मवर त्या चित्राशेजारी नसतो, साधारण 20 चौकटी पुढे असतो. चित्र बघून फिल्म कापली की भलत्याच ठिकाणी शब्द तुटतो. अशा वेळी संकलनाची कात्री आवरती घेऊन लांबलचक प्रसंग सलग घेणंच शहाणपणाचं. 'आलम आरा'ची एकही प्रत आज उरलेली नाही, त्यामुळे हे पडद्यावर कसं दिसलं ते आपल्याला पाहता येत नाही. 'अयोध्येचा राजा' मात्र उरला, हे आपलं भाग्य.

कोल्हापूरच्या 'प्रभात'चा हा चित्रपट 1932 सालचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम. दुर्गा खोटे यांची तारामती आणि गोविंदराव टेंबे यांचा हरिश्चंद्र. पार्श्वगायन तेव्हा नव्हतंच. ते 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने आणलं. तोवर नटाने कॅमेऱ्यापुढे स्वतः गायचं, वादकांनी चौकटीच्या बाहेर दडून साथ करायची आणि हे सगळं एकाच वेळी मुद्रित व्हायचं. गाताना मान वळवली तर सूर लांब जाणार, चालू लागलं तर तबला मागे राहणार.

कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात किंवा ठाण्याच्या गडकरीत संगीत नाटक पाहिलं असेल, तर ऑर्गन आणि तबला रंगमंचाला लागूनच बसतात हे तुम्हाला माहीत असेल. टेंबे याच परंपरेतले. 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, गंधर्व नाटक मंडळीच्या संस्थापकांपैकी ते एक. साथीदारांकडे कान ठेवून उभ्या उभ्या गाणं आणि गाता गाता भूमिका सांभाळणं त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. माझं मत असं, की नाटकाने हा बोलपट जखडला नाही, उलट तारला. यंत्राने जी स्थिरता लादली, ती निभावून नेणारे कलावंत महाराष्ट्राकडे आधीच तयार होते.

बेड्या फार वर्षं टिकल्या नाहीत. 1929 सालीच डोरोथी आर्झनर या दिग्दर्शिकेने मायक्रोफोन मासे पकडण्याच्या काठीला टांगून नटीच्या डोक्यावरून फिरवला, असं सांगितलं जातं; आजच्या बूमचा तो पूर्वज. त्याच वर्षी रूबेन मामूलियन यांनी 'अप्लॉज'मध्ये एका प्रसंगासाठी दोन मायक्रोफोन वापरले आणि दोन्हींवरचे आवाज नंतर एकत्र केले. 'प्रभात'नेही वेळ दवडला नाही. पुण्याला आल्यावर 1934 साली शांतारामांनी 'अमृतमंथन' केला, 1936 साली दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला. त्यात तुकाराम झालेले पागनीस गाताना पाहा. अवघडलेपण औषधालाही सापडत नाही. मधे गेली होती फक्त चार वर्षं.

प्रश्न : 'अयोध्येचा राजा' हिंदीतही होता म्हणतात. तो डब केला होता का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. डबिंग तेव्हा रुळलेलं नव्हतं, म्हणून मराठी आणि हिंदी असे दोन चित्रपट वेगवेगळे चित्रित झाले. हॉलिवूडमध्येही हीच रीत होती. युनिव्हर्सलचा 1931 सालचा 'ड्रॅक्युला' दिवसा इंग्रजीत व्हायचा आणि त्याच सेटवर रात्री दुसऱ्या नटसंचाचा स्पॅनिश 'ड्रॅक्युला'. लॉरेल आणि हार्डी तर परक्या भाषेतले संवाद उच्चारांवरून घोकून म्हणत.

दोन्ही वाचकांना एक सुचवतो. 1952 सालचा 'सिंगिंग इन द रेन' मिळवून पाहा. झुडपात लपवलेल्या मायक्रोफोनमुळे स्टुडिओत काय काय घडायचं, ते त्यात आहे. मग पुन्हा एकदा 'अयोध्येचा राजा' लावा आणि प्रत्येक प्रसंगात मायक्रोफोन कुठे दडवला असेल ते शोधा.