रिकामे घर

पाठ : लूक 11:24-26

दृष्टांतातील घर झाडलेले व सजविलेले होते, पण ते रिकामे होते. म्हणून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात सोबती घेऊन परत आला. दारू सोडणाऱ्या मनुष्याचेही असेच होते.

अमेरिकेतील जॉर्जिया प्रांती सॅम जोन्स (1847-1906) नावाचा वकील होता. सन 1868 त तो वकिली करू लागला. त्याची वाणी प्रभावी होती. परंतु मद्यपानाने धंदा बुडाला, आणि पोटासाठी भट्टीत इंधन घालण्याची व मालाची गाडी हाकण्याची पाळी त्याजवर आली. 1872 साली मरणोन्मुख पित्याच्या बिछान्यापाशी त्याने दारू सोडण्याचे वचन दिले.

घर झाडून झाले. आता ते भरावयाचे होते. त्याच वर्षी मेथडिस्ट मंडळीत उपदेशकाचे काम पत्करून तो खेड्यापाड्यांतून सुवार्ता सांगू लागला. कोर्टात वापरलेली वाणी प्रभूच्या सेवेस लागली, व त्याच्या जिण्यास अर्थ आला. पुढे 1885 साली नॅशव्हिल शहरी त्याचा उपदेश ऐकून टॉम रायमन या आगबोटवाल्याचे मन पालटले. त्याच्या पुढाकाराने बांधलेले उपासनेचे विशाल सभागृह 1892 साली पुरे झाले.

उपदेशक बंधूंनो, व्यसन सोडणाऱ्यास शपथ घालून घरी पाठवू नका. त्यास प्रार्थनेस शेजारी बसवा. मंडळीचे काही काम त्याच्या हाती द्या.

प्रश्न : 1. झाडलेले घर धोक्यात का होते? 2. आपल्या गावच्या अशा बंधूस या आठवड्यात कोणते काम सोपवाल?