कोंबडी अडली तर

पोरी, परसात कोंबड्या पाळायला घेतल्यास, चांगलं केलंस. खुराडं कसं बांधायचं, मुंगसाला कसं अडवायचं, पिल्लांना लस कधी टोचायची, हे गावात तुला कुणीही सांगेल. अंड्यावर अडलेल्या कोंबडीचं मात्र सहसा कुणी सांगत नाही, कारण बहुतेक घरांत त्यावर एकच उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे सुरी. माझ्या सासूबाई त्यातल्या नव्हत्या. त्यांच्याकडून शिकले ते, आणि पुढे जनावरांच्या डॉक्टरांना विचारून विचारून जे पक्कं झालं ते, असं दोन्ही मिळून तुला सांगते.

आधी ओळखायला शीक. कोंबडी पेटीत जाऊन बसली, उठेना, की नवी माणसं घाबरतात. ती नुसती खुडूक झालेली असते. खुडूक कोंबडी पिसं फुलवून बसते, हात नेलास की गुरगुरते, चोच मारते, डोळे टक्क उघडे ठेवते. उचलून अंगणात ठेवलीस की चार दाणे टिपून, एकदा भली मोठी शीट टाकून परत पेटीकडे पळते. तिला काही झालेलं नाही. अडलेली कोंबडी चोच मारत नाही. हात लावलास तरी डोळे अर्धवट मिटून बसून राहते. तुरा फिका पडलेला, शेपूट खाली पडलेली, पाय फाकलेले, आणि थोड्या थोड्या वेळाने मागचा भाग आत-बाहेर हलतो, कळ दिल्यागत. पेटीत जाते, बाहेर येते, पुन्हा जाते, आणि पेटी रिकामीच. शीट एक तर होतच नाही किंवा नुसतं पाण्यासारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं असतं. सकाळी हे दिसलं आणि दुपार टळली तरी तसंच आहे, म्हणजे बाईला मदत हवी आहे. कधी पायही लुळे पडतात, कारण आतलं अंडं पायाच्या नसांवर दाबतं. तेव्हा लोक ‘वारा गेला’ म्हणतात आणि पायांना तेल चोळत बसतात. पायांना काही झालेलं नसतं गं.

आता चाचपणं. पूर्वी बायका सकाळी खुराडं उघडण्याआधी एकेक कोंबडी चाचपून बघायच्या. जिच्या पोटात अंडं लागेल तिला डालग्याखाली झाकायचं, म्हणजे ती शेजारच्या गवताच्या गंजीत जाऊन अंडं घालणार नाही. ही कला तुला यायला हवी. कोंबडी डाव्या काखेत घे, तोंड मागच्या बाजूला. शेपटीखाली दोन टोकदार हाडं हाताला लागतात. अंड्यावरच्या कोंबडीच्या त्या हाडांमध्ये दोन-तीन बोटं आरामात बसतात, अंडं न देणारीच्या जेमतेम एक. त्या हाडांच्या आणि छातीच्या हाडाच्या मधल्या मऊ भागावर तीन बोटांनी हळूच बघ, अंडं असेल तर कडक लागतं. दाबायचं अजिबात नाही. आणि एक लक्षात ठेव, अंडं हाताला लागलं म्हणजे कोंबडी अडली असं नव्हे. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळजवळ २० तास ते कवच चढायच्या जागीच असतं. चांगल्या कोंबडीच्या पोटात रात्री अंडं लागणारच. अंडंही लागतंय आणि कोंबडीही मलूल आहे, या दोन गोष्टी एकत्र आल्या तरच पुढचं कर.

पहिलं काम ऊब. घमेल्यात पाणी घे, तान्ह्या बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढं गरम. कोंबडीचं अंग मुळात आपल्यापेक्षा गरम असतं, ४१ अंशांच्या आसपास, त्यामुळे आपल्याला कोमट वाटणारं पाणी तिला गारच लागतं. पोट आणि मागचा भाग बुडेल एवढ्या पाण्यात तिला बसव, एक हात छातीखाली ठेव. सुरुवातीला फडफडेल, मग मान टाकून निवांत होईल, काही तर तिथंच डुलकी काढतात. पंधरा-वीस मिनिटं. पाणी निवलं की बाजूने गरम पाणी घाल, तिच्या अंगावर नको. मग पंच्याने नीट कोरडी कर. ओली ठेवलीस तर केलेलं सगळं पाण्यात, थंडीने ती आणखी आखडेल.

शेकून झालं की अंडं येतं त्या वाटेच्या तोंडाला बोटाने थोडं खोबरेल लाव. बाहेरच लाव. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात भाताचा पेंढा घालून बसव, वर गोणपाट टाकून अंधार कर, हवेला फट ठेव. उबेसाठी बल्ब लावायचा तर जुना पिवळा, साठ वॅटचा. हल्लीच्या एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. बल्ब खोक्याच्या एका कोपऱ्यावर येऊ दे, म्हणजे तिला नकोसं झालं तर दुसऱ्या कोपऱ्यात सरकता येईल. आणि मग तिथून ऊठ. दर पाच मिनिटांनी गोणपाट उचलून बघणारी माणसं मला अजिबात आवडत नाहीत. कोंबडीला अंडं घालायला एकांत लागतो, माणसांची गर्दी जमली की ती आवरून धरते. तास-दोन तास गेले की बघ, नाहीच झालं तर पुन्हा एकदा शेक.

कॅल्शियमही द्यायचं. अंडं पुढे ढकलायला अंड्याच्या पिशवीच्या स्नायूंना ताकद लागते आणि ती कॅल्शियमशिवाय येत नाही. जनावरांच्या औषधांच्या दुकानात द्रव कॅल्शियम मिळतं, घरात एक बाटली असू दे. मात्रा कोंबडीसाठी लिहिलेली असते तेवढीच. चोच पसरून घशात ओतायचं नाही! कोंबडीची श्वासाची वाट जिभेच्या मुळाशीच उघडते, ओतलेलं सरळ फुप्फुसात जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब सोड, ती आपली आपण गिळते. एरंडेल, दारू, लसणाचा रस पाजणारे आहेत आपल्याकडे. त्यांचं ऐकू नकोस.

आणि शेजारचे कुणीतरी काका हमखास येतील आणि म्हणतील, बोट घालून काढून टाक, नाहीतर पोट दाब. हात जोडून त्यांना चहा दे, पण कोंबडी देऊ नकोस. आत अंडं फुटलं तर कवचाच्या धारेने आतली कातडी फाटते, बलक आत राहून सडतो, आणि जी कोंबडी कदाचित संध्याकाळपर्यंत मोकळी झाली असती ती दोन-तीन दिवसांत मरते. दाबल्यामुळे अंग बाहेर येतं ते वेगळंच.

अंग बाहेर येणं हे दुसरं दुखणं. मागे लालभडक, ओलं मांस बाहेर लोंबतं. हे दिसलं की पहिल्यांदा तिला इतर कोंबड्यांपासून वेगळी कर, बाकी सगळं नंतर. लाल दिसलं की बाकीच्या टोचा मारतात आणि आतडी बाहेर ओढेपर्यंत थांबत नाहीत. मी बघितलंय, पुन्हा बघायची इच्छा नाही. मग अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते धुवायचं. सूज असेल तर पिठीसाखर पाण्यात कालवून वर लावायची नाहीतर मध लावायचा, पाणी शोषलं जाऊन सूज उतरते. हातमोजा घालून, बोटाला खोबरेल लावून ते हळूच आत सारायचं आणि थोडा वेळ तसंच धरून ठेवायचं. हळद लावू नकोस, मांसाचा रंग काळा पडतोय का ते मग दिसत नाही. पुढे काही दिवस तिला अंधाऱ्या जागी ठेव, दिवसाला आठ-नऊ तासांहून जास्त उजेड नको, आणि अंड्याचं खाद्य बंद करून नुसत्या कण्या दे, म्हणजे अंडी थांबतात आणि आतलं भरून येतं. पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर टाका घालावा लागतो, ते डॉक्टरांचं काम.

हे सगळं करायची वेळ का येते, ते खरं बघायला हवं. आपली गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, दहा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते, विश्रांती घेते. अंडंही लहान, चाळीसेक ग्रॅमचं. ती क्वचितच अडते. गिरिराजसारखी सुधारित कोंबडी याच्या दुप्पट अंडी देते, अंडीही मोठी. आणि पोल्ट्रीवाल्यांनी काढून टाकलेली, स्वस्तात मिळते म्हणून घेतलेली लेअर कोंबडी तर वर्षाला तीनशे अंडी द्यायलाच घडवलेली. एकेका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. खाण्यातून मिळालं नाही तर ती ते स्वतःच्या हाडांतून काढते. आपण तिला घालतो काय, तर शिळा भात, चपातीचे तुकडे, मका. अंगावर चरबी चढते, अंड्याची वाट आवळते, आणि कॅल्शियमच्या नावाने शून्य.

आधी कवच पातळ येतं, मग कवचच नाही, नुसता पापुद्रा, मग अडणं. पहिला इशारा मिळाला की जागी हो. तलंगेची पहिली एक-दोन अंडी तशी आली तर काळजी नाही, तिचं यंत्र अजून बसायचं असतं. मोठीने तसं घातलं तर कॅल्शियमसाठी शिंपल्यांकडे बघ.

कोकणात तर शिंपल्यांना तोटा नाही. तिसऱ्यांची, कालवांची शिंपली धुऊन उन्हात खडखडीत वाळवायची आणि बत्त्याने कुटायची, मसुराएवढे तुकडे ठेवायचे. भाजून पांढरी करायची नाहीत, भाजली की त्यांचा चुना होतो, तो तोंड पोळतो. पानाचा चुनाही तसाच, द्यायचा नाही. घाटावर असशील तर खाद्याच्या दुकानात ‘शेल ग्रिट’ मागायचं. हा चुरा खाद्यात मिसळू नकोस. वेगळ्या करवंटीत ठेव, जिला हवा ती खाईल, कारण पिल्लांना आणि कोंबड्याला जास्त झाला तर त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. करवंटी भरायची ती संध्याकाळी. कवच मुख्यतः रात्री चढतं, तेव्हा पोटात शिंपला असलेला बरा. घरची अंड्याची टरफलंही चालतात, पण चांगली वाळवून बारीक चुरा करून. अख्खी टाकलीस तर अंडं ओळखायला शिकतील आणि पेटीतच फोडून खातील.

एप्रिल-मेमध्ये कवचं पातळ येतातच. उन्हाने कोंबडी धापा टाकते, खाणं कमी करते, रक्ताचं गणित बिघडतं. तेव्हा खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर दे, गार पाणी सावलीत ठेव.

डॉक्टरांकडे कधी जायचं? दोनदा शेकूनही दुसऱ्या सकाळपर्यंत अंडं आलं नाही तर. त्यांच्याकडे इंजेक्शन आहे, सुईने आतला द्रव काढून अंडं लहान करायची रीत आहे. दवाखाना लांब असेल तर १९६२ लाव. पोट फुगून आत पाणी डुचमळतंय, कोंबडी उभी राहून फेंगडी चालते, तर अंडी पोटातच पडून सडली आहेत असं समज. त्यातून क्वचितच कुणी उठते, तेव्हा डॉक्टरांना विचारून तिला लवकर सोडव. आणि एकीऐवजी सगळ्याच कोंबड्या एकदम पातळ, वेड्यावाकड्या अंड्यांवर आल्या, शिंकू लागल्या, माना वाकड्या करू लागल्या, तर ते शिंपल्याचं काम नव्हे. मानमोडी असेल, दुसरी साथ असेल. पटापट मरायला लागल्या तर हात न लावता पशुसंवर्धनवाल्यांना कळव. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

औषध चालू असलेल्या कोंबडीची अंडी डॉक्टर सांगतील तितके दिवस कुणाला खायला देऊ नकोस, शेजाऱ्यांना तर नाहीच. हात साबणाने धू. आणि जी कोंबडी दोनदा अडली तिचं अंडं रवणाला ठेवू नकोस, तिची लेक तिच्यासारखीच निघायची भीती असते.